याच्यात आपली पवनी हाय का?

ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये 'सध्या काय वाचतेयस?' असं विचारणारे तीन प्रकारचे लोक असतात. एक, ज्यांना खरंच वाचायचंय. दोन, ज्यांना स्वतः काय वाचतोय ते सांगायचंय. आणि तीन, ज्यांना चहा संपेपर्यंत काहीतरी बोलायचंय. तिघांसाठीही या आठवड्याचं उत्तर एकच : नऊ कादंबऱ्या. त्यातल्या काही पहिल्यांदा, काही पुन्हा.

आता नऊ म्हटल्यावर भुवया उंचावू नका. दोन महिने लागलेत. सामाजिक, ऐतिहासिक, विज्ञान, भय, प्राणी, ग्रामीण, शहरी प्रेम... दुकानातल्या प्रत्येक कप्प्यातून एखादी उचलावी, तशा उचलल्या. निम्म्या पुण्यात ऑफिसच्या बसमध्ये संपवल्या आणि उरलेल्या पवनीला, मामाकडे, लॅपटॉप बंद केल्यावर. पवनी म्हणजे भंडारा जिल्ह्यातलं, वैनगंगेच्या काठावरचं तालुक्याचं गाव. तिथे बारावीतल्या मामेभावाने माझी पुस्तकांची थप्पी पाहिली आणि सरळ विचारलं, "ताई, याच्यात आपली पवनी हाय का?"

नाही, म्हटलं.

"मंग कायले वाचून रायली?"

बॉस, एवढा थेट प्रश्न मला आजवर कुठल्या समीक्षकानेही विचारला नव्हता! आपण पुस्तकाचं परीक्षण करताना भाषा, पात्रं, मांडणी वगैरे बोलतो. पण आपल्या गावाला त्या पुस्तकाचा काय उपयोग, हे कोण विचारतं? तेव्हा ठरवलं, या वेळी सगळ्या कादंबऱ्यांना एकच पेपर द्यायचा. पवनी कसोटी. कादंबरी पवनीत घडायला हवी असं नाही. पण ती मिटून ठेवल्यावर मी जिथे बसलेय ती जागा, तिथली माणसं मला आधीपेक्षा जास्त दिसायला लागली पाहिजेत. दिसली तर पास. नाहीतर एटीकेटी.

धरण आणि पुढच्या टेबलावरची फाइल

पवनी तालुक्यातच गोसीखुर्द धरण आहे. २२ एप्रिल १९८८ ला राजीव गांधींच्या हस्ते भूमिपूजन झालं, तेव्हा खर्चाचा अंदाज ३७२ कोटींचा होता. पुढे तो अठरा हजार कोटींच्या पलीकडे गेला. २००९ मध्ये हा राष्ट्रीय प्रकल्प झाला. ३३ दरवाजांचं हे धरण पाहायला लोक सहकुटुंब जातात, सेल्फी काढतात. पाण्याखाली गेलेल्या गावांचा मात्र सेल्फी निघत नाही.

म्हणून आधी 'झाडाझडती' पुन्हा काढली. विश्वास पाटलांची ही कादंबरी १९९१ ची, पुढच्याच वर्षी तिला साहित्य अकादमी मिळालं. कॉलेजात वाचली होती तेव्हा नुसता राग आला होता. आता नोकरीत इतकी वर्षं काढल्यावर वाचली आणि वेगळीच गोष्ट दिसली. ही धरणाची कादंबरी आहेच, पण त्याहून जास्त ती फाइलची कादंबरी आहे. अर्ज, पुन्हा अर्ज, दाखला, दाखल्याचा दाखला, साहेब रजेवर, साहेबांची बदली. आपल्याकडे मेल फॉरवर्ड होत राहतो आणि शेवटी मूळ प्रश्न काय होता तेच कुणाला आठवत नाही, तसं. फरक इतकाच की आपला मेल अडकला तर प्रेझेंटेशन पुढे जातं. इथे अख्खं घर अडकतं. लेखक स्वतः प्रशासनात होते, त्यामुळे कुठली सही कुठे अडते हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. तक्रार एकच. दुष्ट माणसं फारच ठळक दुष्ट आहेत. ती कारस्थानं करायला लागली की कादंबरी जरा सिनेमासारखी होते. खरा त्रास तर बहुतेक वेळा दुष्टपणातून होत नाही. समोरच्या माणसाने पाच वाजता कपाट बंद केलं, एवढंच कारण असतं.

तिच्यानंतर लगेच कृष्णात खोत यांची 'रिंगाण' वाचली. २०२३ चं साहित्य अकादमी हिलाच. विषय तोच, विस्थापन. पण इथे मोर्चे नाहीत, मंत्री नाहीत. गाव उठलं तेव्हा मागे राहिलेली, रानटी झालेली म्हैस आणि तिला परत आणायला निघालेला माणूस. संपलं! एवढ्यावर कादंबरी? हो, एवढ्यावर. भाषा पन्हाळ्याकडची, बोलीच्या अंगाने जाणारी. सुरुवातीची पानं हळू सरकतात, दोन वेळा मागे जाऊन वाचावं लागतं. मग मात्र त्या रानात आपणच शिरल्यासारखं होतं. 'झाडाझडती' सांगते की सरकारने काय केलं. 'रिंगाण' सांगते की कुठल्याही पंचनाम्यात ज्याचा रकानाच नव्हता असं काय मागे राहिलं. विहीर, झाडं, घर यांची किंमत लिहिता येते. म्हशीला ओळखीचा वाटणारा वास कुठे लिहायचा?

दुसऱ्या दिवशी धरणाच्या बाजूने गाडीवरून जाताना पाणी बघितलं, आणि पहिल्यांदाच 'किती छान' असं तोंडातून निघालं नाही.

निकाल : 'झाडाझडती' फर्स्ट क्लास. 'रिंगाण' डिस्टिंक्शन.

बखर, पण गालातल्या गालात

ऐतिहासिक कादंबरी म्हटलं की आपल्या घराघरात 'स्वामी', 'मृत्युंजय' आणि 'छावा' असतात. ('मृत्युंजय' ऐतिहासिक की पौराणिक यावर वाद घालायचा असेल तर स्वतंत्र चहा पाजा.) २०२५ मध्ये 'छावा' सिनेमा आला आणि शिवाजी सावंतांची १९७९ ची कादंबरी पुन्हा सगळ्यांच्या हातात दिसली. छानच आहे. पण या सगळ्यांत एक गोष्ट सारखी असते. मोठा माणूस, मोठं दुःख, मोठी वाक्यं.

यावर उतारा म्हणजे नंदा खरे यांची 'अंताजीची बखर', १९९७ ची. खरे नागपूरचे, पेशाने सिव्हिल इंजिनिअर. त्यांचा अंताजी हिरो नाही. तो बातम्या पोचवणारा, संधी साधणारा, जीव वाचवणारा चतुर माणूस. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर स्वाऱ्या करायला गेल्या, १७५१ मध्ये ओरिसा भोसल्यांकडे आला, हे आपण शाळेत एका ओळीत वाचलं. अंताजी ती ओळ उघडून दाखवतो. लुटीला तो लूटच म्हणतो. चौथाईचं गणित मांडतो. बंगालात मुलांना झोपवताना अजून ज्या 'बर्गीं'ची भीती घालतात, ते बर्गी म्हणजे आपलेच घोडेस्वार! आपल्या पोवाड्यातला वीर दुसऱ्याच्या अंगाईतला बागुलबुवा असू शकतो, हे कुठल्याही भाषणापेक्षा ही कादंबरी हसत हसत सांगते.

पवनी तेव्हा भोसल्यांच्याच मुलखात. इथे मातीचा जुना तट आहे, खंदक आहे, दरवाजा आहे. त्या दरवाजातून जाताना मला आजवर राजेच आठवायचे. या वेळी आठवला तो मोहिमेवर निघालेला एखादा पाणक्या. त्याला पगार किती महिन्यांचा थकला असेल?

तक्रार : नकाशा आणि सनावळ्या जवळ घेऊन बसावं लागतं. लेखक वाचकाला हुशार धरून चालतात. थकून आलेल्या रात्री हे जरा जड जातं. शनिवारी सकाळी वाचा.

निकाल : डिस्टिंक्शन. आणि मोठ्या वाक्यांची सवय मोडल्याबद्दल ग्रेस मार्क.

खोदकामात सापडलेला उद्या

आता जरा जोडी बघा. १९६९-७० मध्ये पवनीत जगन्नाथ टेकडीवर उत्खनन झालं. नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून केलं, शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांच्या देखरेखीखाली. टेकडीखालून निघाला बौद्ध स्तूप, दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीचा. दगडी कठड्याचे भाग निघाले, त्यावर ब्राह्मी अक्षरांत दान देणाऱ्यांची नावं. अहवाल १९७२ मध्ये छापला गेला.

आणि जयंत नारळीकरांच्या 'वामन परत न आला' मध्ये काय होतं? वैज्ञानिक प्रयोगासाठी जमीन खोदताना एका प्राचीन, प्रगत संस्कृतीने ठेवलेली पेटी सापडते. तिच्यातल्या माहितीवरून शास्त्रज्ञ एक विचार करणारं यंत्र बनवतात. त्याचं नाव वामन. आणि हा वामन पुढे म्हणतो की मला माझ्यासारखे आणखी बनवायचेत. शेवट सांगत नाही. पण चॅटबॉटला मेल लिहायला सांगून आपण कॉफी आणायला जातो त्या काळात ही कादंबरी वाचताना पाठीवरून काटा सरकतो. ही लिहिली गेली तेव्हा आपल्याकडे धड इंटरनेटही नव्हतं. नारळीकर सर मे २०२५ मध्ये गेले. त्यांची पुस्तकं शाळेच्या लायब्ररीतून नेलेल्या पिढीने ही एकदा पुन्हा वाचावीच.

खरं सांगायचं तर पात्रं पातळ आहेत. शास्त्रज्ञ एकमेकांशी बोलतात ते आपल्याला समजावं म्हणून. प्रेम, राग, भांडण यांना फार जागा नाही. कल्पना मात्र जबरदस्त आहे. आणि टेकडीवर उभं राहिलं की एक गोष्ट लख्ख कळते. खाली काय पुरलंय याची पत्ता नसलेली माणसं शतकानुशतकं वर राहत असतात. त्या वेदिकेवरच्या दात्यांनी नाव कोरलं कारण त्यांना वाटलं, कुणीतरी वाचेल. वाचलं की! पण मधे दोन हजार वर्षं गेली.

याच कप्प्यात नंदा खरे पुन्हा भेटले, 'उद्या' घेऊन. इथे यंत्रमानव नाही. कंपन्यांची सत्ता आहे, पाळत आहे, आणि आपण स्वतःच हौसेने देऊन टाकलेली माहिती आहे. २०२० चं साहित्य अकादमी या कादंबरीला जाहीर झालं आणि खरे यांनी ते नम्रपणे नाकारलं. २०२२ मध्ये ते गेले. कादंबरी सोपी नाही. मधे मधे लेखकातला इंजिनिअर आणि कार्यकर्ता कथा थांबवून बोलायला लागतो. तरी पवनीच्या चौकात बसून वाचताना लक्षात आलं की इथला भाजीवालाही क्यूआर कोड ठेवतो. म्हणजे 'उद्या' इथेही येऊन टेकलाय, आणि तो फक्त मेट्रोवाल्यांचा विषय राहिलेला नाही.

निकाल : 'वामन' फर्स्ट क्लास. 'उद्या'ही फर्स्ट क्लास, पण पेपर लांबला म्हणून दोन मार्क कट.

कुलूपबंद गाव

भयकथेला आपल्याकडे अजून जरा 'टाइमपास' म्हणून बाजूला ठेवतात. 'तुंबाड' सिनेमा २०१८ मध्ये आला तेव्हा अनेकांनी नारायण धारपांचं नाव पहिल्यांदा ऐकलं. आमच्या पिढीच्या आईवडलांना विचारा, त्यांनी धारप लायब्ररीतून पाळी लावून वाचलेत.

मी वाचली 'लुचाई'. स्टीफन किंगच्या १९७५ च्या 'सालेम्स लॉट'चा हा मराठी अवतार. आता उसन्या गोष्टीला मार्क द्यायचे का? माझं मत : द्यायचे. कारण धारपांना एक गोष्ट पक्की कळली होती. भीती रक्त पिणाऱ्याची नसते. शेजारच्या ओळखीच्या घराचा दिवा आज लागला नाही, याची असते. गाव एकेक घराने गिळलं जातं आणि बाकीचे म्हणत राहतात, गेले असतील कुठे बाहेरगावी.

रात्री अकराला पवनीच्या जुन्या गल्लीत वीज गेलेली असताना हे वाचलं. (करू नका. मी सांगतेय, करू नका.) सकाळी त्याच गल्लीतून गेले तर दिसलं की कुलपं लागलेली घरं कितीतरी आहेत. रक्तपिपासू बिपासू काही नाही हो. एक पोरगा पुण्याला, एक हैदराबादला, पोरगी बंगळुरूला, आई आलटून पालटून तिघांकडे. पवनीत कोष्ट्यांचे हातमाग होते, इथल्या बारीक सुताच्या आणि रेशीमकाठी कापडाचं नाव होतं. तो खटखट आवाज कमी होत गेला तोही असाच, एकेक घराने. 'गेले असतील कुठे बाहेरगावी' असं म्हणणाऱ्यांत आपणही असतो, आणि जे गेले त्यांतही आपणच.

धारपांबद्दल तक्रार अशी की वाईटाशी लढायचं म्हटलं की ते घाईत येतात. शेवटच्या भागात सगळं भराभर आवरतं. भीती जमवायला जेवढा वेळ घेतला तेवढा मोडायला घेत नाहीत.

निकाल : फर्स्ट क्लास. आणि 'टाइमपास' म्हणणाऱ्यांना एक रात्र पवनीत.

वाघ हरवला, पुढे काय?

पवनीच्या बाजूलाच उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य आहे. तिथे 'जय' नावाचा वाघ होता. नागझिऱ्यात जन्मला, २०१३ मध्ये चालत चालत इथे आला आणि स्टार झाला. त्याला बघायला देशभरातून गाड्या यायच्या. गळ्यात रेडिओ कॉलर. एप्रिल २०१६ नंतर तो कुणाला दिसला नाही. शोध झाला, तर्कवितर्क झाले, वाघ काही सापडला नाही.

हा तर रहस्यकथेचा आयता प्लॉट! म्हणून बाबूराव अर्नाळकरांच्या जुन्या छोट्या कादंबऱ्यांचा एक गठ्ठा चाळला. (या नऊमध्ये धरलेल्या नाहीत, कारण हजाराहून जास्त लिहिणाऱ्या माणसाच्या चार वाचून 'वाचलं' म्हणणं म्हणजे गोसीखुर्दचं एक बादली पाणी काढण्यासारखं.) झुंजार, काळा पहाड... काय तो स्पीड! दुसऱ्या पानावर खून, दहाव्यावर पाठलाग. ऑफिसबसला यापेक्षा चांगलं औषध नाही. पण रहस्यकथेचा वाचकाशी एक करार असतो, शेवटी उत्तर मिळेल. जयचं उत्तर कुणाकडेच नाही. त्यामुळे हा कप्पा इथे तोकडा पडतो.

कामाला आली ती व्यंकटेश माडगूळकरांची 'सत्तांतर'. १९८३ चं साहित्य अकादमी मिळवणारी ही छोटीशी कादंबरी वानरांच्या टोळ्यांची आहे. टोळीत एक नर मालक, बाहेरचे नर टपलेले. सत्ता बदलते तेव्हा आधीच्या मालकाच्या पिलांचं काय होतं, हे माडगूळकर एकही हळवा शब्द न वापरता लिहितात. माडगूळकरांनी नागझिऱ्याच्या जंगलात मुक्काम ठोकून 'नागझिरा' लिहिलं. म्हणजे हे आपल्याच बाजूचं रान, आणि त्यातली शिस्त 'सत्तांतर'मध्ये पानोपानी आहे. बघायचं, थांबायचं, पुन्हा बघायचं. प्राण्यांच्या तोंडी माणसाची वाक्यं घालायची नाहीत. (ऑफिसमधल्या नव्या बॉसची आणि त्याच्या टीमची आठवण झाली तर ती तुमची जबाबदारी.)

'जय'ला आपण नाव दिलं, फॅन क्लब दिला, हिरो केलं. 'सत्तांतर' वाचल्यावर वाटतं, त्याला वाघ म्हणून बघणारे किती होते? हरवल्यावर आपण रडलो ते एका स्टारसाठी. त्याच्या जागी आलेल्या दुसऱ्या वाघाचं काय झालं हे किती जणांनी विचारलं? मामेभावाने नऊमधली हीच एक स्वतःहून उचलली आणि दोन दिवसांत संपवली. त्यांच्या कौलांवर रोज वानरं येतात. आता तो त्यांच्यातला मालक कोण ते ओळखायच्या मागे आहे.

निकाल : बोर्डात पहिली.

बोली कुठली बोलायची?

विदर्भाची कादंबरी म्हटलं की पहिलं नाव 'धग'. उद्धव शेळके, १९६०. कौतिक नावाची बाई, कष्टाने संसार उभा करू बघते. नवऱ्याची साथ नाही, नशिबाची नाही. गोष्ट एवढीच. पण संवाद वऱ्हाडीत आहेत आणि ते इतके खरे आहेत की कौतिक बोलायला लागली की आपण मान डोलावतो. मराठीत बोलीतून लिहिलेल्या पुष्कळ कादंबऱ्यांत बोली ही सजावट असते, शेतकरी फेटा बांधून फोटोला उभा करावा तशी. 'धग'मध्ये ती कौतिकची एकमेव मालमत्ता आहे. बाकी सगळं जातं, तिचं बोलणं जात नाही. ही कादंबरी आनंद देत नाही. दर वीस पानांनी पुस्तक खाली ठेवावंसं वाटतं. तरी उचलता, कारण तिला एकटं सोडवत नाही.

पण थांबा. पुण्या-मुंबईत 'विदर्भ म्हणजे वऱ्हाडी' असं एक समीकरण आहे. पवनीची बोली वऱ्हाडी नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात झाडीबोली बोलतात. तिच्यात 'ण' नाही, 'ळ' नाही. पाणी 'पानी' होतं. डोळ्याचा वऱ्हाडात 'डोया' होतो, तर इथे 'डोरा'. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी या बोलीच्या अभ्यासात आयुष्य घातलं. याच मुलखात झाडीपट्टीची नाटकं आहेत. देसाईगंज-वडसा हे त्यांचं केंद्र, धान निघालं की सीझन सुरू, रात्रभर नाटक आणि गर्दी अशी की मल्टिप्लेक्सवाल्याने हेवा करावा. म्हणजे गोष्ट ऐकायला माणसं आहेत, सांगायला भाषा आहे.

पुण्यात आल्यावर पहिल्या वर्षात आपण काय करतो? 'पानी' बंद करतो. फोनवर आईशी बोलतानाही आवाज खाली करून बोलतो, रूममेटने ऐकू नये म्हणून. 'धग' वाचताना मला सगळ्यात जास्त टोचलं ते हे. शेळक्यांनी १९६० मध्ये जे शब्द छापून आणले, ते आपण हॉस्टेलच्या खोलीत गिळले.

निकाल : डिस्टिंक्शन. आणि एक प्रश्न सोबत, झाडीबोलीची 'धग' कोण लिहिणार?

पुणे ते कोची

शेवटी जरा शहरी. सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू', २००६ ची. पुण्यातलं मध्यमवर्गीय घर, वर राहायला आलेला पेइंग गेस्ट. घरातला मुलगा तनय त्याच्या प्रेमात पडतो आणि मुलगी अनुजाही. अर्धी कादंबरी तनयची, अर्धी तिची. पेइंग गेस्टला नावच नाही. दोघं त्याच माणसाबद्दल बोलतायत, पण दोघांना दोन वेगळी माणसं आठवतायत. २०१३ मध्ये जेरी पिंटो यांनी ती इंग्रजीत नेली.

दीडशे-एक पानांत घरातली गप्प बसायची पद्धत इतकी नेमकी पकडलीय की आपल्या हॉलमधला सोफा आठवतो. आई-बाबा वाईट नाहीत. ते फक्त विचारत नाहीत. तनयचा भाग मला जास्त आवडला. अनुजाच्या भागात डायरीचा सूर मधेच सैल होतो.

याचा सिनेमा २०२२ मध्ये आला, स्वतः कुंडलकरांनीच केला. पण गोष्ट पुण्यातून उचलून कोचीला नेली. सिनेमा दिसायला देखणा आहे, निळा, ओला. पण मला चुकल्यासारखं वाटलं. ती गोष्ट त्या पुणेरी घरात घडते म्हणून कळते, जिथे जेवणाच्या टेबलावर सगळं बोलतात आणि महत्त्वाचं काहीच बोलत नाहीत. घर बदललं की गप्प बसणंही बदलतं.

मग पवनीत ही वाचून काय मिळालं? मिळालं की! पवनीतही तनय असणारच. वैजेश्वराच्या घाटावर संध्याकाळी मोबाइल घेऊन एकटी बसलेली पोरं दिसली की आता वाटतं, यातला कोण कुणाला काय सांगू शकत नाहीये? पुण्याच्या तनयला निदान वरची खोली होती.

निकाल : फर्स्ट क्लास. पुस्तक आधी, सिनेमा नंतर.

मग घ्यायचं काय?

नऊ पेपर तपासून झाल्यावर एक गोष्ट कळली. कप्पे दुकानदाराच्या सोयीचे आहेत, वाचकाच्या नाहीत. मला धरण नीट दिसलं ते म्हशीमुळे, गल्ली दिसली ती भुताटकीमुळे आणि जंगल दिसलं ते वानरामुळे. ज्या कादंबऱ्या पास झाल्या त्या सगळ्यांनी आपापली जागा मुळापासून ओळखली होती, मग ती पन्हाळ्याकडची असो की पुण्यातली. म्हणून तर त्या पवनीला लागू पडल्या. 'कुठल्याही गावात घडू शकेल' अशा बेताने लिहिलेलं कुठेच घडत नाही.

आणि तरी मामेभावाच्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' हेच राहतं. स्तूप अहवालात आहे, धरण बजेटमध्ये आहे, वाघ बातमीत होता. अहवाल तज्ज्ञ वाचतात, बजेट दरवर्षी बदलतं आणि बातमी दुसऱ्या दिवशी पोहे बांधायला जाते. गाव टिकवून ठेवायचं काम यांच्यातलं कुणीच करत नाही. तुमच्या गावाचंही तसंच असणार. मंगळवेढा, चोपडा, किनवट, सावंतवाडी... ऑफिसच्या फॉर्मवर 'नेटिव्ह प्लेस'च्या रकान्यात जे लिहिता ते. तिथलं ज्याला आतून माहीत आहे असा माणूस बहुतेक या क्षणी हिंजवडीच्या सिग्नलला अडकलाय. कदाचित तो हे पानच वाचतोय.

त्याला एवढंच सांगणं आहे की ती कादंबरी पुण्यातला कुणी येऊन आठ दिवसांत लिहील याची वाट बघू नका. त्याला 'डोरा' ऐकू येणार नाही.

तोवर खरेदीची यादी : वेळ अजिबात नसेल तर 'सत्तांतर'. एक वीकेंड असेल तर 'कोबाल्ट ब्लू' आणि 'रिंगाण'. दिवाळीला गावी जाताना रेल्वेत 'झाडाझडती', नागपूर येईपर्यंत पुरते. 'धग' घरी पोचल्यावर, आई जवळ असताना. 'लुचाई' दिवसाढवळ्या. आणि येताना बॅगेत एक कोरी वही टाका. दोनशे पानी, आखीव. पवनीच्या बाजारात सहज मिळते.